कल्लू

"कल्लू," सायन्ना पुन्हा म्हणाला.

वैद्यबुवांनी त्याच्या नाडीवरची बोटं उचलली आणि मुलाकडे पाहिलं. "काय म्हणतात रे, अंबादास?"

अंबादास मागाच्या खड्ड्याशी उभा होता. खादीची टोपी त्याने हातात चुरगळून धरली होती. "डोळे," तो म्हणाला. "डोळ्यांची आग होते म्हणतात."

वैद्यबुवांना तेलुगू येत नव्हतं. तेलुगूत शिंदीला कल्लू म्हणतात, आणि डोळ्यांचा शब्दही जवळजवळ तोच. धडधाकट माणूस बोलला तर फरक कळतो. सायन्नाची जीभ कालपासून जड झाली होती. तरी घरात कुणालाही शंका नव्हती. रोज संध्याकाळी माग थांबवून जो माणूस हाच शब्द म्हणत उठायचा, तो मरताना डोळ्यांची चौकशी कशाला करेल?

वैद्यबुवांनी गुलाबपाण्याची बाटली काढली आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांत थेंब सोडले. सायन्नाने मान हलवली. नको नको म्हणावं तशी.

दाराशी त्याची बायको राजव्वा बसली होती. तिने शेजारी बसलेल्या बसव्वाचा पदर ओढला. बसव्वाला तिनेच बोलावून आणलं होतं. कोपऱ्यावरचं शिंदीचं दुकान बसव्वाचं होतं.

एके काळी साखर पेठेत नळ कमी आणि शिंदीची दुकानं जास्त होती. विणकर दिवसभर खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि संध्याकाळी या दुकानांत ते पसरायचा. मग तीस सालच्या सत्याग्रहात बायका दुकानांपुढे ठाण मांडून बसल्या, पोरांनी कुऱ्हाडी घेऊन शिंदीची बनं तोडली. मार्शल लॉ आला आणि उठला. दुकानांची कुलपं मात्र निघाली नाहीत. ठेक्याच्या लिलावात बोली लावायला माणूस मिळेना. बसव्वाचं दुकान सगळ्यांत शेवटी बंद पडलं. त्याच्या उंबऱ्यावर अंबादास रोज आडवा पडायचा, आणि त्याला ओलांडून आत जायची कुणाची छाती झाली नाही. एकदा सायन्ना तिथवर आला होता. पायाशी पडलेल्या मुलाकडे बघत तो थोडा वेळ उभा राहिला आणि तसाच घरी गेला. त्यानंतर त्याने शिंदीला तोंड लावलं नाही. शिंदीबंदीची ती चळवळ पेठेत उभी केली ती याच वैद्यबुवांनी.

आज बसव्वाच्या पदराखाली शिंदीची एक लोटी होती. अक्कलकोटाकडे तिच्या भावाच्या बांधावर चार झाडं अजून उभी होती, त्यांची ती शिंदी. विणकराच्या घरात सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास बाराही महिने असतो, म्हणून वैद्यबुवांच्या नाकाला काही कळलं नाही. अंबादासला कळलं. तो दारापाशी आला.

"अरं, दोन थेंब," बसव्वा हळूच म्हणाली. "जीव अडकलाय त्येंचा."

"मार्कंडेयाच्या देवळात शपथ घेतलीय मी, बसव्वा. वैद्यबुवांच्या समोर. माझ्या घराच्या आत शिंदी येणार नाही म्हणून," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"शपथ तू घेतलीस की. त्येनी कुटं घेतली?"

अंबादासने मान फिरवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. बापावर त्याचा फार जीव होता. पण वैद्यबुवा बापाच्या उशाशी बसले होते. तो दारातून हलला नाही, तशी बसव्वाही हलू शकली नाही. राजव्वा तेलुगूत काहीतरी कळवळून म्हणाली. "अम्मा, गप," तो म्हणाला.

"कल्लू," सायन्ना म्हणाला. आवाज आता नुसता वाऱ्यासारखा येत होता.

वैद्यबुवांनी पुन्हा नाडी पाहिली आणि मान हलवली. "अंबादास, गंगाजल आण. आता औषधाचं काम नाही."

अंबादासने देव्हाऱ्यातला तांब्याचा गडू आणला आणि बापाच्या ओठांशी पळी नेली. पळीचा स्पर्श होताच म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला. लहान मुलासारखं त्याने तोंड उघडलं. मग पाण्याची चव कळली असावी. त्याने ओठ मिटून घेतले आणि पाणी हनुवटीवरून ओघळून उशीत गेलं. त्यानंतर तो बोलला नाही. थोड्या वेळाने त्याचा श्वासही थांबला.

राजव्वाने हंबरडा फोडला. शेजारच्या घरांतले माग एकामागून एक थांबले. बसव्वा भिंतीला टेकून बसली होती, तिचा हात अजून पदराखालीच होता.

वैद्यबुवांनी सायन्नाच्या पापण्या मिटवल्या. "फार सोसलं बिचाऱ्याने," ते म्हणाले. "शेवटपर्यंत डोळे डोळेच करत होते ना रे?"

अंबादास गडू परत देव्हाऱ्यात ठेवायला वळला. वैद्यबुवा बसव्वाकडे वळले. "तुम्हाला कळत होतं का, बाई? तोच एक शब्द म्हणत होते."

बसव्वाने अंबादासकडे पाहिलं. त्याने हात जोडले नाहीत एवढंच. बाकी सगळं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"मी अक्कलकोटाकडची, बुवा," ती म्हणाली. "आमच्या कानडीत कल्लू म्हंजे दगड."

"दगड?" वैद्यबुवा चक्रावले. "मरताना माणूस दगड कशाला मागेल?"

"मागत न्हवते, बुवा," बसव्वा उठत म्हणाली. "पोराला हाक मारत व्हते."