जाणकार

सत्काराची शाल घसरू नये म्हणून समता ती एका हातानं धरून बोलत होती. तिसऱ्या रांगेतला गोपाल ऐकत नव्हता. तो आपला प्रश्न मनात घोळवत होता. त्या एका प्रश्नासाठी त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती.

चिखलीच्या सेतू केंद्रात दोघं पाच वर्षं शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसली होती. दोघंही उंद्रीची, एकाच बसनं येणारी. दाखले, उतारे, प्रतिज्ञापत्रं, दिवसभर तेच काम. समता नवी होती तेव्हा कोणत्या अर्जाला कोणता कागद लागतो, हे ती गोपाललाच विचारायची. त्याला त्यात पंधरा वर्षं झाली होती.

दोघांचेही ब्लॉग होते. गोपाल जीवनावर लिहायचा. सुख, मैत्री, माणुसकी. तीनशे लेख झाले होते आणि वाचणारे होते दोन मेहुणे अन् शाळेतले एक जुने गुरुजी. समता लिहायची ते अर्ज कसा भरावा याबद्दल. वारसनोंदीला काय काय जोडावं, दाखल्यावर बापाचं नाव चुकलं तर कुठं जावं, नवरा वारलेल्या बाईनं आधी कोणत्या खिडकीवर उभं राहावं. गोपाल त्याला लेखन म्हणायलाच तयार नव्हता.

मग एके दिवशी सोनाळ्याकडची एक बाई त्याच्यासमोर मोबाईल धरून उभी राहिली. त्यावर समताचा लेख होता. यात असं लिहिलंय, तुम्ही वेगळं काऊन सांगता, असं तिनं विचारलं. समता शेजारीच बसलेली होती. त्याच आठवड्यात गोपालच्या बायकोनं, राखीनं, आपल्या आईच्या पेन्शनचा अर्ज समताचा ब्लॉग वाचून भरला. नवरा सेतूत असताना. गोपालनं विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, तुम्ही सांगत नाही, खेकसता.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं 'जाणकार' नावानं एक मेलचा पत्ता उघडला आणि समताच्या लेखाखाली लिहिलं, 'साफ चूक. येत नसेल तर लिहू नये.' नुसतं चूक म्हटलं तर कोणी मानणार नाही, म्हणून बरोबर काय तेही लिहिलं. शेजारच्या खुर्चीवर समतानं डबा बाजूला ठेवून ते वाचलं. तिचा चेहरा उतरला. गोपालला कित्येक महिन्यांत एवढं बरं वाटलं नव्हतं. पण तासाभरात लेख दुरुस्त झाला. खाली तिचं उत्तर आलं, 'धन्यवाद, जाणकार.'

मग त्याला तोच नाद लागला. तिचा प्रत्येक लेख तो शब्दन् शब्द वाचायचा. नवा शासन निर्णय आला की तिच्याआधी मिळवायचा. स्वतःच्या ब्लॉगवर लिहायचं त्यानं कधी सोडलं, हे त्याच्याही ध्यानात आलं नाही. दोन वर्षं हे चाललं. तो चूक दाखवायचा, ती दुरुस्त करायची आणि धन्यवाद म्हणायची. मागच्या वर्षी तिनं नोकरी सोडली. ब्लॉगवरच्या जाहिरातींतून घर चालतं, म्हणाली. धाकट्या बहिणीला नर्सिंगला घातलं, घरावर स्लॅब टाकला. बसमधून तो स्लॅब दिसायचा. गोपाल पलीकडच्या खिडकीशी बसू लागला.

आणि आज हा सत्कार. कोणाला काही विचारायचं आहे का, असं अध्यक्षांनी म्हणताच तो उठला.

"समताबाई, खरं सांगा. नुसत्या लिहिण्यावर पोट भरते? का कोणाचा हात हाये मागं?"

सभागृहात कुजबुज झाली. समतानं त्याच्याकडे पाहिलं.

"हाव, भाऊ," ती म्हणाली. "हात हाये."

मग तिनं सांगितलं. पहिल्या दोन वर्षांत मोबाईलच्या रिचार्जपुरतंही सुटत नव्हतं. लोक यायचे, त्यांना एखादी चूक सापडायची, ते परत फिरकायचे नाहीत. मग एक वाचक आला. नाव जाणकार. बोलायचा कडू, पण त्याची एकही दुरुस्ती कधी खोटी ठरली नाही. हळूहळू तलाठ्याच्या दारात उभे असलेले लोक एकमेकांना सांगू लागले, समताच्या पानावर आहे ना, मग बिनधास्त जोड कागद. वाचक वाढले, जाहिराती मागून आल्या.

"लोक माह्या चांगल्या लिहिण्यासाठी येत नाहीत," ती म्हणाली. "लिहिलेलं खिडकीवर चालते म्हणून येतात. ते माह्या एकटीच्यानं झालं नसतं. अर्धी भागीदारी घ्या म्हणून मी त्याइले तीनदा मेल केला. उत्तर नाही आलं. ते कुठं असतील तिथं, त्याइच्यासाठी टाळ्या वाजवा."

टाळ्या सुरू झाल्या. खूप वेळ वाजत राहिल्या. तीनशे लेख लिहून गोपालला अशी एक टाळी मिळाली नव्हती. आजूबाजूचे पाहत होते, म्हणून त्यानंही हात उचलले आणि वाजवल्या.

चहाला न थांबता तो बसस्थानकावर आला. जाणकारचा तो मेलचा पत्ता त्यानं प्रतिक्रिया टाकण्यापुरता घेतला होता, त्यात डोकावला कधीच नव्हता. पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा पेटी उघडली. समताची तीन पत्रं होती, तिन्ही न वाचलेली. पहिल्या दोन पत्रांची सुरुवात 'आदरणीय जाणकार' अशी होती.

तिसरं पत्र दीड वर्षापूर्वीचं होतं. ती तेव्हा शेजारच्याच खुर्चीवर बसत होती. त्याची सुरुवात होती, 'गोपालभाऊ'.