म्हाताऱ्याचा वाटा

म्हाताऱ्याचं अन्नावरून मन उडालं होतं. मुलाच्या, ओराजच्या गोठ्यातले मांसासाठी पोसलेले गोऱ्हे मात्र खाद्यात यीस्टची पावडर पडू लागल्यापासून गव्हाणी चाटूनपुसून साफ करत होते. राबिगाने ते पाहिलं आणि मुलाच्या नकळत चमचाभर पावडर नवऱ्याच्या ताकात कालवायला लागली. आठवड्याने म्हातारा आपणहून म्हणाला, “अगं, अजून एक नान मोड.”

ओराजला कळलं तेव्हा तो भडकलाच. “आई, डोकं फिरलंय का तुझं? हे जनावरांचं आहे! एक जरी गोऱ्हा वाळला, तर अस्तानाचा व्यापारी दारातनं परत जाईल.”

“या घरात पहिला वाटा म्हाताऱ्याचा असतो रे.”

ओराजने पावडरची पोती ठेवलेल्या खोलीला कुलूप घातलं.

माळावर बर्फ पडायच्या आत म्हातारा गेला. मातीला आलेल्या गावाला जेवण घालायचं म्हणून ओराजने गोठ्यातला सगळ्यात धष्टपुष्ट गोऱ्हा कापला. पाहुणे बोटं चाटत होते.

“काय लुसलुशीत मांस आहे! राबिगा आपा, चारलंत तरी काय याला?”

राबिगाने ओराजकडे पाहिलं.

“म्हाताऱ्याच्या तोंडचा घास.”