अस्वलाचा चेहरा

"काका, एवढा एकच फोटो मला काढून द्याल का?"

दिघ्यांनी कॉलेजच्या दिवसांतले फोटो वाचनालयात मांडले होते. गावाबाहेरची जुनी करमणूक-बाग, तिचा आकाशपाळणा, छोटी आगगाडी. विचारणाऱ्या बाईचं बोट मात्र शेवटच्या फोटोवर होतं. पोरांनी अस्वलाचं डोकं उपटून हवेत धरलं होतं आणि पोशाखातल्या माणसाचा घामेजलेला चेहरा उघडा पडला होता.

"माझे बाबा. घरी त्यांचे फोटो पुष्कळ आहेत, पण सगळे अस्वलाचेच," ती हसली. "चेहऱ्याचा हा पहिलाच. आजूबाजूची पोरं कापता येतील?"

दिघ्यांनी लॅपटॉप उघडला. खिदळणारा, विशीतला दिघे आधी कापला, मग बाकीचे. फोटोत बाबा उरले आणि त्यांच्या गळ्याभोवती आवळलेला एक हात. तो काही निघेना.

"सोडा रे, नोकरी जाईल माझी," असं त्या दिवशी तो माणूस म्हणत होता. पुढच्या रविवारी बागेतलं अस्वल एकदम बुटकं झालं होतं. त्यावरही ते सगळे पोट धरधरून हसले होते.

"हा हात कोणाचा?" तिनं विचारलं.

"माझा," दिघे म्हणाले. बाकीचं सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

"म्हणजे तुम्ही मित्र त्यांचे! आई म्हणायची, त्यांना कोणी मित्रच नव्हता." आणि भरल्या दालनात ती त्यांच्या पाया पडायला वाकली.

दिघ्यांनी पाय मागे घेतले. मागे भिंत होती.