चारातली एक खोटी

“चारातली एक खोटी आहे,” आर्तिका मॅडम म्हणाल्या. “कुठली, ते ओळख.”

उनाइसी गालातल्या गालात हसली. हे तिला आधीच ठाऊक होतं. तिच्या खोलीत राहणारी तोरिका मागच्या आठवड्यात याच खुर्चीत बसून चांगली फसली होती आणि जेवताना तिनं सगळं ओकून टाकलं होतं. मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असल्या प्रयोगांत भाग घ्यावाच लागे, त्याचे गुण मिळत. मॅडम मुलांच्या घरी फोन करत. लहानपणी खरंच घडलेल्या तीन गोष्टी घरच्यांना विचारत आणि कधीच न घडलेली चौथीही त्यांच्याकडूनच मागून घेत. मग चारही मुलांना ऐकवत, आठवेल ते बोलायला लावत, आठवड्यानं पुन्हा तेच. तोरिकाला तर घरात कधी नसलेली बकरी आठवली होती, आणि ती मेली म्हणून ती रडलीही होती.

“बकरीची विधवा!” उनाइसीनं तिला चिडवून नकोसं केलं होतं. “मला नाही कुणी बनवू शकत.”

“लाव पैज.”

“चाउमीन. मोठी प्लेट.”

तिची सगळी भिस्त आईवर होती. तिची आई मकेरेता लेवुका गावच्या चर्चमध्ये दर रविवारी मुलांना शिकवायची. शेजारणीची भाजी बेचव झाली तर ‘छान’ म्हणायला तिची जीभ वळत नसे, ती आपली पाणी मागे. अशा बाईनं रचलेलं खोटं लपून लपणार किती?

“तुझ्या आईनं फार वेळ घेतला,” मॅडम म्हणाल्या. “खऱ्या तीन पटापट सांगितल्या. खोटीसाठी म्हणाल्या, उद्या फोन करा. आणि दोनदा विचारलं, शेवटी मुलीला खोटी कुठली ते सांगता ना? म्हटलं, सांगावंच लागतं, नियमच आहे.”

“पाप लागेल म्हणून घाबरली असेल बिचारी.”

उनाइसीनं गोष्टी मनाशी पुन्हा घोळवल्या. वादळाच्या रात्री गाव चर्चमध्ये जमलं होतं आणि ती बाकाखाली झोपली होती. आजोबांचं डुक्कर तिला चावलं होतं. सुवाच्या बाजारात ती हरवली होती आणि शेंगा विकणाऱ्या एका बाईनं तिला सांभाळलं होतं. आणि धक्क्यावरचे बाबा.

त्या शेवटच्या गोष्टीचा तर प्रश्नच नव्हता. बाबांची तिच्याजवळ तेवढी एकच आठवण होती आणि ती तिनं जिवापाड जपली होती. तेव्हा तिघं लौतोका या बंदराच्या गावी राहत. मासेमारीच्या बोटीवर निघालेल्या बाबांनी धक्क्यावर तिला खांद्यावर घेतलं, आंबा सोलून अर्धा तिच्या हातात दिला. “उरलेला मी आल्यावर,” म्हणाले. रस कोपरापर्यंत ओघळला होता. बाबा बोटीवरून समुद्रात पडले ते सापडलेच नाहीत, आणि आई तिला घेऊन माहेरी लेवुकाला आली.

त्यानंतर आईनं लौतोकाचं तोंड पाहिलं नाही. तिथल्या कॉलेजात सहज प्रवेश मिळत होता, पण आई हटूनच बसली, शिकायचं तर सुवाला. बाबा बुडाले त्या तारखेला ती दर वर्षी फुलांचा हार ओवून किनाऱ्यावर नेई. पाण्यात मात्र स्वतः कधी टाकत नसे. “तू टाक,” म्हणे.

“बाजारातली,” उनाइसीनं ठणकावून सांगितलं. “पहिल्यांदा मला काही म्हणजे काही आठवेना. दुसऱ्या वेळी त्या बाईचा फुलाफुलांचा झगा दिसायला लागला. तुम्हीच शिकवलंत ना मॅडम? झोपेत मेंदू आठवणी पक्क्या करतो, खरी-खोटी निवडत बसत नाही. झगा त्यानंच शिवला.”

मॅडम हसल्या. “बाजारातली खरी आहे.”

“मग डुक्कर! पोटरीवरचा व्रण काय, कशाचाही असेल.”

“डुक्करही खरं.”

“वादळ?” तिचा आवाज जरा बारीक झाला.

“खरं.”

बाहेर कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. उनाइसी मॅडमच्या तोंडाकडे बघत राहिली. चूक झाली असेल, त्या आता आपलं वाक्य मागे घेतील, असं तिला वाटत होतं.

“हिरमुसू नकोस गं,” मॅडम कौतुकानं म्हणाल्या. “इतकं जिवंत कुणीच सांगितलं नव्हतं. बाप बोटीवर निघालाय आणि धक्क्यावर मुलीचा निरोप घेतोय, एवढंच तुझ्या आईनं सांगितलं होतं. आंबा तुझा स्वतःचा.”

आभार मानून ती कशीबशी बाहेर आली.  मॅडमचा नाही, तिला आईचा राग आला. जगात एकच माणूस आपल्याशी खोटं बोलणार नाही असं ती धरून चालली होती, आणि त्याच माणसानं तिला बनवलं होतं. तिनं फोन लावला. पलीकडे चर्चच्या गाण्याची तालीम चालली होती. मग दार लोटल्याचा आवाज आला आणि गाणं थांबलं.

“सांगितलं त्यांनी?” आईनंच विचारलं.

“निरोप झालाच नव्हता?”

“नाही.”

“मी झोपले होते का? बोट लवकर सुटली का? तू मला उठवलं का नाहीस, आई?”



“त्या बाईंना एक खोटी गोष्ट हवी होती, उना. मी रात्रभर बसले, पण नवीन रचवेना. माझ्याकडे एकच होती.”

“निरोपाची.”

“बोटीची,” आई म्हणाली. “तुझे बाबा लौतोकालाच असतात.”