चोपन्न किलो नऊशे

“चोपन्न किलो नऊशे,” वजन घेणाऱ्या बाईंनी पडद्याआडून पुकारलं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या आईनं हुश्श केलं. पंचावन्नच्या गटात लेक बसली. शंभर ग्रॅमनं का होईना, बसली. आता दुपारी ती वजन उचलणार, निवड करणारे बघणार, आणि सगळं नीट पार पडलं तर पोरीला क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार.

हुश्श करून झालं, पण तो आकडा काही आईच्या मनातून हलेना. सकाळी घरून निघताना लेक बाथरूमच्या दारातल्या काट्यावर उभी राहिली होती, तेव्हाही तिथं चोपन्न नऊशेच होतं. इथला काटा तर स्पर्धेचा, तपासून शिक्का मारलेला. म्हणजे घरचा काटा बरोबर होता.

मग आपलं काय?

आई लाँड्रीत इस्त्री करायची. हृदय थकलेलं, ब्लडप्रेशर वाढलेलं, पायांत पाणी उतरायचं. डॉक्टरांनी ते पाणी लघवीवाटे काढणारी गोळी दिली होती, रोज सकाळी एक. शिवाय बजावलं होतं की उठल्यावर आधी वजन करायचं, आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. गेल्या दहा दिवसांत तिचं चार किलो वाढलं होतं. तिनं ते रोज लेकीला सांगितलं, आणि लेकीनं रोज हसून उडवून लावलं. काटा बिघडलाय गं, मला बघ, एवढं खाऊनही कमीच दाखवतोय. आईला ते पटलंही. चपलेचा पट्टा रुतायला लागला, रात्री उशाला दोन उश्या लागायला लागल्या, तरी तिनं दोष दिला तो दिवसभर उभं राहण्याला. लेकीवर संशय घ्यायचं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आठवड्याच्या गोळ्यांची डबी लेकच भरायची, दर रविवारी, मांडी घालून. लाँड्रीतल्या बायकांना आई ते कौतुकानं सांगत फिरायची.

लेक पडद्याबाहेर आली. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. बाकापर्यंत पोचायच्या आतच तिच्या पोटरीत पेटका आला आणि ती खाली बसली. आईनं धावत जाऊन पोटरी चोळायला घेतली, आणि चोळता चोळता तिचे हात थांबले.

हा पेटका तिच्या ओळखीचा होता. गोळी नवीन होती तेव्हा पहिल्या आठवड्यात तिलाही असाच यायचा. ओठही असेच सुकायचे, उठताना अशीच भोवळ यायची. सकाळी घरून निघेपर्यंत लेक पाच वेळा बाथरूमला जाऊन आली होती, तेही घोटभर पाणी न पिता. आई मात्र बसमध्ये दोन तास बसून आली होती, आणि तिला एकदाही जावंसं वाटलं नव्हतं.

“माझ्या डबीत काय भरलंस?”

लेकीनं आधी फरशीकडे बघितलं, मग भडाभडा सगळं सांगून टाकलं. सराव घेणाऱ्या सरांना यातलं काही माहीत नव्हतं, सरावाला येणाऱ्या कुणा मुलीनं सुचवलं होतं. कॅल्शियमची गोळी तशीच दिसते, तशीच पांढरी. आणि दहाच दिवस तर होते, आज घरी गेल्यावर ती पुन्हा खरी गोळी भरणारच होती.

“तुला काही झालं नाही ना पण,” ती म्हणाली.

आईला रडू आलं नाही, संताप आला. आपली गोळी दुसऱ्याला द्यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कुणी डबीतून पळवली तर काय करायचं, ते काही सांगितलं नव्हतं. परक्यानं असं फसवलं असतं तर तिनं चारचौघांत त्याची खरडपट्टी काढली असती. इथं कुणाची काढायची? रोज सकाळी आपलं वजन वाढताना बघून ही पोर हसत होती. गोळ्या गेल्याचं एवढं नव्हतं. ते हसणं तिला सहन होत नव्हतं.

टेबलामागच्या बाईंनी हाक मारून कागद पुढं सरकवला. मुलगी सतरा वर्षांची, तेव्हा पालकांची सही हवी. खेळाडू कोणती औषधं घेते, हा रकाना लेकीनं आधीच भरून ठेवला होता: काही नाही.

“सही कर ना,” लेक मागून कुजबुजली. “गोळीचं कळलं तर बंदी घालतील. आजचा दिवस जाऊ दे, पुन्हा कधी नाही करणार.”

आईनं पेन हातात घेतलं. दुपारी डोक्यावर नव्वद किलो असताना पेटका आला तर, हे तिच्या मनात आलं. ते हसणंही मनात आलं. यातल्या नेमक्या कशामुळं हात चालला, हे कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. ‘काही नाही’ वर तिनं रेघ मारली. डॉक्टरांनी पाठ करून घेतलेलं गोळीचं नाव खाली अक्षर अक्षर जुळवत लिहिलं, त्यापुढं दहा दिवस असं लिहिलं, आणि सही केली.

बाईंनी वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि स्पर्धेच्या डॉक्टरांना बोलवायला त्या स्वतः उठून गेल्या. लेक टेबलाची कड धरून उभी होती.

“तू असं करशील असं वाटलं नव्हतं, आई.”

“मलाही नव्हतं वाटलं,” आई म्हणाली, आणि तिनं पेनाला टोपण लावलं.