डाव्या हाताचा मोजा

"बघा, बघा! परत डावाच!" मिस्त्रींनी टाळी वाजवली.

बाईंनी लाकडी कडी बाळाच्या उजव्या हाताशी, अगदी बोटभर अंतरावर धरली होती. सात महिन्यांच्या बाळाने अख्खं अंग वळवलं, डावा हात छातीवरून पलीकडे नेला आणि कडी पकडली. कडी मिस्त्रींनीच घासून गुळगुळीत केलेली. ते पेशाने सुतार आणि जन्माचे डावखुरे. सगळे त्यांना डावरे मिस्त्रीच म्हणत. घरी येईल त्याला ते नातवाचा हा खेळ दाखवत. "पकडणं म्हणजे याच्या डाव्या हाताचा मळ!" म्हणत. उजवी मूठ मात्र सदा मिटलेली, अंगठा आत. त्यावरही उत्तर तयार असे. "झाकली मूठ सव्वा लाखाची!"

बाई या दवाखान्यात लहान मुलांच्या हातापायांचे व्यायाम घेत. डॉक्टरांनी "एकदा दाखवून या" म्हणून चिठ्ठी दिली होती. सून काळजीने आली होती, मिस्त्री कौतुक ऐकायला.

बाई काही हसल्या नाहीत. त्यांनी बाळाचा डावा हात अलगद धरून ठेवला आणि कडी पुन्हा उजवीकडे नेली. उजवी मूठ हलली नाही. बाळाने भोकाड पसरलं.

"आजोबा, वर्षाच्या आत मुलाला डावं-उजवं नसतं," बाई म्हणाल्या. "दोन्ही हात सारखेच धडपडतात. याला डावा आवडतो असं नाही. याला उजवा सापडलेलाच नाही."

मग त्यांनी एक निळा मोजा पुढे ठेवला, मनगटाशी नाडी असलेला. रोज अर्धा तास डाव्या हातात घालायचा आणि खेळणी उजवीकडे ठेवायची. आत्ता मेहनत घेतली तर तो हात बराच कामाला येईल. उशीर झाला तर नुसता लोंबत राहील.

"म्हणजे डावा बांधायचा," मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता.

साठ वर्षांपूर्वी त्यांचाही बांधला होता. सहा वर्षांचं पोर, पण आवरायला दोन माणसं लागली. वडिलांनी दंड धरला आणि मास्तरांनी मनगट सुतळीने खुर्चीच्या पाठीला आवळलं. रोज तेच, वर्षभर. उजव्या हाताने लिहायला ते शिकले, पण तो हात त्यांना आजही शेजाऱ्याकडून मागून आणल्यासारखा वाटे. डाव्या मनगटावरची पांढरी रेघ काही गेली नाही.

घरी आल्यावर त्यांनी मोजा पटाशांच्या खणात टाकला आणि किल्ली खिशात घातली. "माझ्या घरात कुणाचा हात बांधला जाणार नाही. विषय संपला." मुलाने वर्तमानपत्र थोडं आणखी वर धरलं. वडील आणि बायको यांच्यामध्ये त्याला तेवढाच आडोसा होता.

आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सून बाळाला कडेवर घेऊन थेट घरालगतच्या त्यांच्या कारखान्यात आली. मिस्त्री फळीवर रंधा मारत होते. तिने हात पुढे केला.

"बाबा, मोजा द्या."

"रडेल तो."

"रडू दे."

"तुला बोलायला काय जातं? मी रडलोय तसा. ऐकायला कुणी नव्हतं."

सुनेचे डोळे भरून आले. आठ दिवस धरून ठेवलेला धीर सुटला होता. पण ती जागची हलली नाही. तिने त्यांच्या हातांकडे पाहिलं. डावा रंधा ढकलत होता, उजव्याने रंध्याचं तोंड दाबून धरलं होतं.

"रंधा एका हाताने चालतो का, बाबा?"

मिस्त्री थांबले. लाकडाचा छिलका अर्धवट वळून रंध्यातच अडकून राहिला. बराच वेळ त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "उद्या सकाळी. पण मी घालीन. तू यायचं नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी सून स्वयंपाकघरात उभी होती. कान कारखान्याकडे होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली, रडण्याचा आवाज नाही. म्हाताऱ्याने मोजा घातलेलाच नाही, तिची खात्री पटली. काय वाटेल ते होवो, आज बोलायचंच, असं ठरवून तिने भिजल्या हातानेच दार ढकललं.

बाळ सतरंजीवर बसलं होतं, पाठीला उशी. डाव्या हातात निळा मोजा. समोर मिस्त्री मांडी घालून, आणि दोघांच्या मध्ये लाकडी कड्या आणि त्या अडकवायची एक उभी खुंटी. मिस्त्री उजव्या हाताने एक कडी खुंटीवर चढवायला बघत होते. कडी निसटली, गडगडत बाळाच्या उजव्या गुडघ्याशी जाऊन पडली. बाळ खिदळलं.

"हस, हस लेका! तुलाही जमत नाही, मलाही जमत नाही. चल, आता तुझा डाव."

बाळाने मोजा आपटून पाहिला. त्याचा काही उपयोग झाला नाही. मग उजवी मूठ सरकली, डगमगली, कडीला लागली. दोन बोटं उघडली आणि पुन्हा मिटली. कडी हातात आली नाही.

"लागली! लागली की नाही?" मिस्त्री सुनेकडे वळून ओरडले आणि टाळी वाजवायला गेले. टाळी वाजली नाही.

तेव्हा सुनेचं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडे गेलं. त्यावर पायातला जुना मोजा चढवलेला होता आणि मनगटाशी सुतळी करकचून बांधलेली होती. गाठ अजून ओली होती. जो हात बांधायला एकदा दोन माणसं लागली होती, तो त्यांनी आज एकट्याने बांधला होता, उजव्या हाताने आणि दातांनी.