बुरशीची बाजू

"चार वेळा अंघोळ करून आलेय," धाकटी काचेबाहेरून फोनवर म्हणाली. "साबणाच्या वडीचा पापुद्रा झालाय. तरी मला दारातच अडवलं."

काचेपलीकडे पलंगावर थोरली बसली होती. डोक्यावर एक केस नाही, पण जीभ शाबूत. "बरं झालं. तुझ्या अंगाला कुजक्या पानांचा वास येतो, हे मी लहानपणापासून सांगतेय."

थोरलीचं रक्त बिघडलं होतं. औषधांनी ते मुळापासून पुसून टाकलं आणि धाकटीच्या पेशी तिच्यात सोडल्या. त्या रुजून कामाला लागेपर्यंत साधी बुरशीसुद्धा थोरलीचा जीव घेऊ शकत होती. आणि धाकटीचा तर धंदाच बुरशीचा, पानं कशी कुजतात याचं संशोधन. जाळीच्या पिशव्यांत पानं भरून जंगलात ठेवायची, काही महिन्यांनी आणून तोलायची, बुरशीने किती खाल्लं ते पाहायचं. तिच्या केसांत, नखांत, स्वेटरच्या विणीत बुरशीचे कण. बाकीचे मास्क लावून आत जाऊन येत. ज्या बहिणीने पेशी दिल्या तिलाच तेवढी बंदी.

"काय म्हणतात तुझी पानं?" थोरलीने विचारलं.

"परवा एक पिशवी उघडली. पान गेलं, नुसत्या शिरा राहिल्यात. ताई, दरवर्षी तिथे एवढी पानं पडतात, तरी जंगल काही भरून जात नाही. सगळं कुणीतरी निमूट खाऊन टाकतं."

"माझं थोडं शिल्लक ठेव म्हणावं त्याला."

धाकटीला हसू आलं नाही.

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. "पांढऱ्या पेशी दिसायला लागल्यात. पण नुसत्या असून काय उपयोग, लढतात का ते पाहू. चला प्रयोगशाळेत."

बुरशी धाकटीनेच आणून दिली होती, आपल्या पिशवीतली. थोरलीच्या रक्ताचा थेंब आणि त्यात ते कण, दोन काचांमध्ये पक्के बंद. सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र पडद्यावर मोठं होऊन दिसत होतं. एक फिकट, बेढब ठिपका म्हणजे पेशी. तिच्या कडेला चिकटलेला गोल हिरवट कण म्हणजे बुरशी.

पेशीची कड फुगली. मग ताणली गेली. कण हळूहळू तिच्यात शिरू लागला.

धाकटी खुर्चीतून उठली. अशी दृश्यं तिने जन्मभर पाहिली होती. बुरशी एकदा टेकली की समोरचं काही वाचत नाही, मग पान असो, फांदी असो की मेलेला किडा.

"पेशी गेली," ती कशीबशी म्हणाली. "फोडून आत घुसली."

"कोण?"

"बुरशी."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "अहो, उलटं पाहताय तुम्ही. तो कण घुसत नाहीये. ही पेशी त्याला आत ओढतेय."

धाकटी खुर्ची पुढे ओढून बसली. खरंच, पेशीने कणाभोवती दोन्ही बाजूंनी वेढा घातला होता. तो मिटला. कण आत अडकला आणि हळूहळू त्याची चमक गेली.

"रक्त ताईचं," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण पेशीचा वंश तुमचा. तुम्ही जंगलात श्वास घेता तेव्हा तुमच्या छातीतही हेच चालतं. नाहीतर तुम्ही केव्हाच आडव्या झाला असता."

इतकी वर्षं धाकटी पिशव्या उघडून वाकून वाकून पाहत होती आणि तिच्याच आत हे चाललं होतं, कुणाच्या नकळत, न थांबता. घरात पावावर बुरशी आली तरी तिच्याबद्दल ती कुणाला वाकडं बोलू देत नसे. बुरशी नसेल तर जगात पानांचे डोंगर साचतील, हे येईल त्याला ऐकवायची.

पेशी सरकली. थोड्या अंतरावर दुसरा कण होता. ती थांबली, जराशी भरकटली, मग पुन्हा त्याच्या दिशेने निघाली.

धाकटीचं नाक पडद्याला टेकायला आलं होतं.

"खा," ती म्हणाली, तान्ह्या पोराला भरवताना म्हणावं तशी. "खा गं बाई, खा."